आप्पांची नस्ती

आप्पांनी अजून निर्णय दिलेला नाही. प्रकरण विचाराधीन आहे. टाळेबंदीच्या तोंडावर ही नस्ती उघडली. त्यानंतर जगाने लशी शोधल्या, टोचल्या आणि विसरूनही टाकल्या. पण घरातले सगळे व्हिडिओ टीव्हीवर दिसावेत म्हणून संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर बसवावं, हा प्रश्न भिवपुरीच्या एका घरात आजही ‘आदेशार्थ सादर’ या अवस्थेत पडून आहे.

आप्पा एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कचेरी कुठली ते सांगत नाही, कारण त्यांचे काही अर्जदार अजून हयात आहेत आणि काही अर्जही. निर्णय घेणारा अडकतो, टिपणी लिहिणारा अडकत नाही, हे एकच तत्त्व त्यांनी नोकरीभर पाळलं. निवृत्तीनंतर पेन्शन सुरू झालं, पण टिपणी लिहायला विषय उरला नाही. तो मुलाने दिला. एकदा सुट्टीत येऊन तो सहज म्हणून गेला, “आप्पा, एक मीडिया सर्व्हर टाका ना घरी.” तो रविवारच्या गाडीने परत गेला, आणि सोमवारी आप्पांनी कर्जतहून लाल फीत आणली.

भिवपुरीबद्दल थोडं सांगायला हवं. रेल्वेचं स्टेशन आहे ते भिवपुरी रोड, नेरळ सुटल्यावरचं, कर्जतच्या अलीकडचं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची पोरं धबधब्यासाठी इथे उतरतात आणि संध्याकाळी एक-एक चप्पल हरवून परत जातात. भिवपुरी गाव मात्र स्टेशनापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी नळांतून घाटाखाली उतरवून १९२२ पासून टाटांचं वीजगृह इथे चालतं. शंभर वर्षांहून अधिक काळ हे पाणी मुंबईला उजेड देतंय, आणि वळवाचा पहिला शिडकावा झाला की आमच्याकडे मेणबत्ती कुठे ठेवली ते आठवावं लागतं. आप्पांचं घर स्टेशन आणि गाव यांच्या मधोमध आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही ते दोन्ही बाजूंचे गुणदोष मांडतात.

आता संग्रह. माजघरातल्या लोखंडी कपाटात व्हीएचएस कॅसेटी आहेत: मुलाची मुंज, बहिणीचं लग्न, वास्तुशांत, कचेरीतला निरोप समारंभ. त्याखाली हँडीकॅमच्या छोट्या टेपा. त्याखाली नाटकांच्या व्हीसीडी. आणि टेबलावर दोन टीबीची एक हार्ड डिस्क, तिच्यात मराठी सिनेमे. हे सगळे आपण विकत घेतलेल्या डीव्हीड्यांवरून उतरवलेले आहेत, असं आप्पांचं निवेदन आहे. पंचनामा झालेला नाही.

नस्ती मी पाहिली आहे. पहिल्याच पानावर वंशावळ. जमिनीच्या वाटण्यांची भांडणं बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या क्षेत्रात फार करमतं, कारण इथेही सगळी भाऊबंदकीच आहे. मूळ पुरुष कोडी. तो जन्मला एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी, तेव्हाचं नाव एक्सबीएमसी. २०१४ मध्ये नामांतर. त्याच्याच कोडवरून मॅकसाठी एक शाखा फुटली, ती पुढे प्लेक्स झाली. दुसरं घराणं मीडिया ब्राउझरचं. ते वयात आल्यावर एम्बी म्हणवू लागलं. एम्बीने २०१८ मध्ये आपला कोड झाकून घेतला. त्यावर काही मंडळी चिडली, जुना उघडा कोड उचलून डिसेंबरात वेगळी झाली आणि त्यांनी जेलीफिन मांडलं. या सगळ्याच्या आप्पांनी चक्क फेरफार नोंदी केल्या आहेत, वारसांच्या खाली रेघ मारून.

मग एकेकावर शेरे. कोडीवर: ‘हा सर्व्हर नव्हे, ज्या यंत्रावर बसवाल त्या यंत्रावर दाखवणारा. सबब वादी नाही, साक्षीदार.’ एम्बीवर नुसतंच ‘चर्चा करा’. प्लेक्सवर: ‘रूप उत्तम, मांडणी उत्तम. तथापि स्वतःच्या घरात स्वतःच्या बहिणीचं लग्न पाहण्यासाठी परक्याच्या दारी खातं काढावं लागतं.’ जेलीफिनला खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि कोड कुणीही उघडून बघावा. कुणाही शहाण्या माणसाने इथे नस्ती बंद केली असती. आप्पांचा शेरा असा: ‘शुल्क निरंक. शुल्क निरंक असल्यास जबाबदार अधिकारी कोण?’

प्लेक्सचा प्रसंग तर ऐकण्यासारखा आहे. त्याचा आयुष्यभराचा परवाना बरीच वर्षं १२० डॉलरच्या आसपास होता. २९ एप्रिल २०२५ पासून तो अडीचशे डॉलरवर गेला, आणि घराबाहेरून आपलाच संग्रह पाहायलाही पैसे पडू लागले. बातमी घेऊन आप्पा सकाळीच आमच्या ओटीवर हजर.

“बघितलंस? म्हणून मी घाई करत नव्हतो.”

“पण आप्पा, घाई केली असती तर निम्म्या किमतीत पडलं असतं.”

“पडलं असतं रे. पण तो निर्णय झाला असता.”

या माणसाशी वाद घालता येत नाही. मात्र एक कबूल करायला हवं: ट्रान्सकोडिंग ही भानगड मला आप्पांइतकी सोपी करून कुणीही सांगितलेली नाही. फाइल ज्या पद्धतीने दाबून ठेवलेली असते ती पद्धत टीव्हीला कळत असेल, तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो, याला म्हणतात डायरेक्ट प्ले. आप्पांच्या भाषेत, ‘अर्ज आहे तसा स्वीकारला.’ टीव्ही जुना आणि फाइल नवी, म्हणजे एचईव्हीसी वगैरे प्रकारातली असेल, तर सर्व्हरला सिनेमा चालू असतानाच तो उलगडून टीव्हीला कळेल अशा रूपात पुन्हा बांधावा लागतो. हे ट्रान्सकोडिंग. ‘अर्ज विहित नमुन्यात नाही, तिथल्या तिथे पुन्हा लिहून आणा.’ त्यात संगणक घामाघूम होतो, पंखा बोंबलतो आणि चित्र अडखळतं. इंटेलच्या बऱ्याच चिपांत या कामासाठी क्विक सिंक नावाचा वेगळा विभाग असतो, तो कामाला लावला की मुख्य साहेबाला त्रास होत नाही. हा विभाग वापरायला प्लेक्स पैसे मागतं, जेलीफिन मागत नाही. हेही आप्पांच्या नस्तीत आहे, समासात, शिसपेन्सिलीने. शाईने लिहिलं तर मत बनेल.

एकदाच गोष्ट टिपणीच्या पुढे गेली होती. कुठल्याशा सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायची ठरली. कुठलं ते लिहीत नाही, उगाच एकावर ठपका नको. ही सगळीच सॉफ्टवेअरं एक उद्योग करतात. फाइलचं नाव वाचतात, इंटरनेटवरच्या सिनेमांच्या मोठ्या यादीशी ताडून पाहतात आणि तिथून पोस्टर, नटांची नावं, गोष्टीचा सारांश आणून चिकटवतात. आप्पांनी मुलाच्या मुंजीच्या फाइलला नाव दिलं होतं ‘मुंज’. सॉफ्टवेअरने पुष्कळ शोध घेतला आणि आपल्या समजुतीप्रमाणे ‘मुंज्या’ हा २०२४ चा हिंदी भूतपट आणून बसवला. काकू, म्हणजे आप्पांची बायको, हात पुसत बाहेर आल्या, तर टीव्हीवर त्यांच्या लेकाच्या मुंजीच्या जागी पिंपळावरचं भूत दात विचकतंय आणि खाली प्रकार लिहिलाय भयपट.

“अहो, माझ्या बाळाच्या मुंजीत हे कोण?”

“तांत्रिक त्रुटी आहे. पूर्तता करतो.”

काकूंनी पुढे मुंज चालू करून पाहिली. पंगतीत आप्पांच्या तिन्ही बहिणी एका रांगेत बसल्या होत्या. काकू थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “राहू दे तेच पोस्टर. फार चुकलेलं नाही.”

याला उपाय आहे आणि तो साधा आहे. घरगुती चित्रणं सिनेमांच्या कप्प्यात न ठेवता वेगळ्या कप्प्यात ठेवायची आणि त्या कप्प्याला बाहेर शोधायला मनाई करायची. सिनेमांच्या नावापुढे कंसात वर्ष लिहायचं. ते का, तर ‘श्यामची आई’ दोन आहेत: आचार्य अत्र्यांचा १९५३ चा आणि नंतर आलेला २०२३ चा. वर्ष नसेल तर सॉफ्टवेअर जो हाताला लागेल तो चिकटवतं. हे कळल्यावर आप्पांना हुरूप आला. पूर्ण पावसाळा त्यांनी नामांतरात घालवला. बाहेर भात लावून झाला, बेणून झाला, कापायला आला. आत ‘धूमधडाका’मध्ये धू दीर्घ की ऱ्हस्व यावर खल चालू होता.

त्याच्या आधीच विजेचा प्रश्न येऊन गेला होता. सर्व्हर म्हणजे कायम चालू असलेलं यंत्र, आणि आमच्याकडे कायम चालू असणारी गोष्ट म्हणजे पाऊस. वीज अचानक गेली तर सर्व्हरची नोंदवही बिघडू शकते, म्हणून यूपीएस हवा. झालं, यूपीएसची स्वतंत्र उपनस्ती. त्या सुमारास, ऑगस्ट २०२३ मध्ये, भिवपुरीला हजार मेगावॅटचा नवा प्रकल्प करण्याचा करार टाटा पॉवरने राज्य सरकारशी केला. वीज जास्त असेल तेव्हा पाणी पंपाने वरच्या तलावात चढवायचं आणि लागेल तेव्हा पुन्हा खाली सोडायचं, अशी योजना. आप्पांना ती एकदम पटली. त्यांच्या नस्तीचा प्रवास वर्षानुवर्षं असाच चाललाय, फक्त तिच्यातून वीज निघत नाही.

मुलगा पुण्यात असतो. त्याला पुण्यातून हा संग्रह दिसावा ही मूळ कल्पना. इथे आणखी एक गाठ आहे. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांना बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात. त्यामुळे आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून तुमच्या घरी येता येत नाही. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे चाळ. पोस्टमन खाली येतो, पण खोली नंबर नाही.” टेलस्केलसारखं साधन दोन्ही घरच्या यंत्रांवर बसवलं की खाजगी वाट निघते, हे मी सुचवलं. त्याचं नवं पान उघडलं गेलं. मुलाने शेवटी फोन करून सांगितलं, “आप्पा, आजीची मुंजीतली दोन मिनिटं व्हॉट्सॅपवर टाका, पोरीला दाखवायचीत.” आप्पांनी त्याला फाइलच्या विहित आकारमर्यादेबद्दल दोन पानी टिपणी पाठवली. आजीची दोन मिनिटं काही गेली नाहीत.

आणि काकू? काकूंनी कर्जतच्या बाजारातून एक पेन ड्राइव्ह आणला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराकडून व्हीसीडींवरची नाटकं आणि हार्ड डिस्कमधले सिनेमे त्यात भरून घेतले. टीव्हीच्या मागच्या भोकात तो खुपसला. एका सिनेमाचा आवाज येईना, तेव्हा पोराने तो टीव्हीला ऐकू येईल असा करून दिला. दुपारी पालेभाजी निवडताना ‘अशी ही बनवाबनवी’ चालू असतो, शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसतात, चहा होतो. आप्पा पेपर आडवा धरून मागच्या खुर्चीत असतात. पेपर हलतो, तेव्हा कळतं की हसतायत. “काय आप्पा, बघताय ना?” विचारलं तर पेपरामागून उत्तर येतं, “नाही रे. चाचणी चालू आहे.”

घर एक, टीव्ही एक आणि बघणारे दोघं असतील तर काकूंचा पेन ड्राइव्ह पुरतो, सर्व्हरची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन टीव्ही, नातवंडांचे मोबाइल आणि पुण्याचा मुलगा असा पसारा असेल तर जेलीफिन टाकावं. एका दुपारचं काम आहे. आप्पांना मी हे तोंडी सांगितलं आहे. त्यांनी लेखी मागितलं आहे.

पण मला घोर सॉफ्टवेअरचा नाही, त्या लोखंडी कपाटाचा आहे. मुंज तेवढी कॅसेटवरून उतरवून झाली. बहिणीचं लग्न नाही झालं, निरोप समारंभ नाही झाला, कारण एमपी४ मध्ये उतरवायचं की एमकेव्हीमध्ये, हे ठरलेलं नाही. सॉफ्टवेअर आज नाही तर उद्या बदलता येतं. कॅसेट थांबत नाही. आमच्या भागात चार महिने भिंतींना ओल असते, तीच ओल टेपेच्या कडांना पांढरी बुरशी आणते. आणि कॅसेट चालवणारी नवी यंत्रंही आता बाजारात येत नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. आता जे आहेत ते जुने, दुरुस्त करकरून चालवलेले.

तेव्हा तुमच्या कपाटात अशा कॅसेटी असतील तर हवा कोरडी असताना, पावसाळ्याच्या पुष्कळ आधी, त्या उतरवून घ्या आणि एकाऐवजी दोन ठिकाणी जपून ठेवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपेवर पांढरं दिसत असेल तर ती तशीच यंत्रात घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या; नाहीतर यंत्राचं हेडही खराब होतं आणि त्यानंतर घातलेली कॅसेटही. कुठल्या फॉरमॅटमध्ये उतरवायचं ते उतरवणाऱ्याला ठरवू द्या. आप्पांना विचारू नका.