एम.डी. करावी, पण कुठल्या गडाखाली?

नीट-पीजीचा निकाल लागला की बाकीची मुलं मागच्या वर्षीचे कटऑफ काढून बसतात. ट्रेकरने सह्याद्रीचा नकाशा काढावा आणि पुढील क्रमाने जावं.

१. शहर. पुणे उत्तम. ससून रुग्णालयापासून सिंहगड तीसेक किलोमीटर, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. धोका एवढाच की वर निम्मं कॉलेज भेटतं, त्यात तुमची रजा नाकारणारे सरही. मुंबईत परळहून शेवटची कसारा लोकल गाठली, तर पहाटे कळसूबाईच्या (1,646 मीटर) पायथ्याशी बारी गावात पोचता येतं. उभ्याने झोपता यायला हवं. जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला, ते पहिल्या महिन्यातच जमतं. नागपूर घेणाऱ्यांनी ताडोबाचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं हे ध्यानात ठेवावं. तुमची सुट्टीही मंगळवारीच आली, तर तुम्ही आणि वाघ एकाच दिवशी विश्रांती घ्याल.

२. शाखा. सर्जरी किंवा गायनॅक घेणाऱ्यांनी गड मोबाइलच्या वॉलपेपरवर ठेवावा. स्किन किंवा रेडिओलॉजीत रविवार मोकळा मिळण्याची आशा असते. त्यासाठी रँक वरचा लागतो, आणि तो मिळवायचा तर दोन वर्षं गडाकडे बघायचं नसतं.

३. नियम. 1992च्या केंद्रीय निर्देशानुसार निवासी डॉक्टरची ड्यूटी सलग 12 तासांहून जास्त नसावी. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023च्या नियमावलीत आठवड्याला एक सुट्टी (कामाची निकड नसेल तर) आणि वर्षाला 20 दिवस रजा आहे. दोन्ही कागद घडी घालून सॅकमध्ये ठेवावेत. गडावर चूल पेटवायला कामी येतात.

४. ऋतू. सह्याद्री पावसाळ्यात सर्वांत देखणा असतो. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे पेशंटही नेमके तेव्हाच येतात आणि वॉर्डात जमिनीवर गाद्या पडतात. रजेचा अर्ज या दिवसांत करू नये. सीनियर आधी हसतात, मग एक्स्ट्रा नाईट लावतात.

५. डीआरपी, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम. शिकताना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. बाकीचे याला शिक्षा म्हणतात. तुम्ही सरकारी खर्चाची मोहीम म्हणा. साताऱ्यात अजिंक्यतारा डोक्यावरच आहे. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं. भरतीची वेळ मात्र नाईट ड्यूटीशी ताडून पाहावी. रुग्णालय तुमच्या पसंतीचंच मिळेल, असं समजू नये.

६. खरी निवड. वरचं सगळं जुळलं तरी गड दिसतो तो ड्यूटी बदलून देणारा को-जेआर असेल तरच. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा गड किती लांब आहे ते विचारू नका. युनिटमध्ये जेआर किती, ते विचारा. दोघंच असतील, तर दुसऱ्याची नीट चौकशी करा. त्याला क्रिकेट आवडो, नाटक आवडो, नात्यातली सगळी लग्नं आवडोत. डोंगर आवडता कामा नये.