व्हरोआबाईंना अनावृत पत्र

सौ. व्हरोआ डिस्ट्रक्टर यांस,
मु. पो. मधपेटी, अवघं भूमंडळ

सा. न. वि. वि.

पत्र रे रोडहून लिहितोय. बंदराचा भाग, गोदामांची वस्ती. कुठला माल कुठून आला नि कुठे गेला, याखेरीज इथे दुसरा विषय नसतो. तेव्हा तुमच्या प्रवासाचं कौतुक आम्ही नाही करायचं तर कुणी? मधमाश्यांवर पोसणाऱ्या परजीवी माइटच्या, म्हणजे जावा बेटावरच्या तुमच्या घराण्याची पहिली नोंद १९०४ साली औदेमान्स या डच शास्त्रज्ञाने केली. आमच्या रस्त्याला ज्यांचं नाव, ते मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रेसुद्धा जन्माने हेगचे. म्हणजे ओळख जुनीच.

आधी तुम्ही शिस्तीत होतात. आशियाई मधमाशीच्या (आमची सातेरी त्यातलीच) मोहोळात नराच्या कोठडीत बाळंतपण उरकायचं, कामकरी माश्यांच्या अळ्यांकडे फिरकायचं नाही. अंगावर बसलात तर माश्याच झटकून, चावून काढायच्या. मग माणसाने युरोपीय माशीच्या पेट्या तुमच्या दारात आणून ठेवल्या आणि तुम्हाला रान मोकळं झालं.

तुमची पद्धत बघण्यासारखी. जेमतेम दीड मिलिमीटर रुंद, तांबूस, लांबीपेक्षा रुंदीच जास्त. मेणाचं झाकण लागायच्या जरा आधी कोठडीत शिरायचं, अळीच्या खाली तिच्याच अन्नात बुडून बसायचं आणि दार बंद झालं की तिच्यावरच ताव मारत अंडी घालायची. पहिला मुलगा, मग मुलीच मुली. पुढे त्या बहिणी आणि तोच भाऊ... असो, पत्र खुलं आहे, पोरंसोरं वाचतात. बाहेर पडणाऱ्या माशीचे पंख कित्येकदा चुरगळलेले असतात, कारण पंख चुरगळवणारा विषाणूही तुम्हीच पोचवता. पाहुणा म्हणून पागडीच्या खोलीत शिरून मूळ भाडेकरूचंच नाव रेशनकार्डावरून उडवणारे आम्ही पाहिलेत. ते तुमच्यापुढे बालवाडीत.

२००० साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तुम्हाला वेगळी जात ठरवून ‘डिस्ट्रक्टर’ नाव ठेवलं. बारशाची परतफेड म्हणून की काय, जून २०२२ मध्ये तुम्ही तिथल्याच न्यूकॅसल बंदरात, पाळतीसाठी ठेवलेल्या पेट्यांत हजर! हजारो पेट्या नष्ट करूनही सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी तुमच्या उच्चाटनाचा नाद सोडला. इथे एक कंटेनर सोडवायला किती सह्या लागतात, ठाऊक आहे? त्याच २०२२ च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर ‘मधाचं गाव’ जाहीर झालं. हे आमंत्रण समजू नये.

ता. क. तुमची नातलग ट्रॉपिलेलॅप्स आग्यामाशीकडे उतरते. तिला प्रौढ माशीवर पोट भरता येत नाही, त्यामुळे आग्या पोळं सोडून गेली की तिची उपासमार. तिला म्हणावं, मुंबईत एवढी वाट कुणी पाहत नाही. टॉवरच्या छज्ज्याखाली पोळं दिसलं की सोसायटी रात्रीच पेस्ट कंट्रोलवाला बोलावते. माश्या, अळ्या आणि तुमची नातलग, सगळ्यांचा हिशेब एकाच फवाऱ्यात. तुम्ही निदान यजमान हंगामभर तरी जगवता. ती कला आमच्या सेक्रेटरींना शिकवणार असाल तर फ्लॅट नंबर कळवतो.

आपला,
एक रे रोडकर