टाळूचं काढलं, हिरडीला लावलं

"काकू, ऐकलंत का? पुण्याच्या आमच्या धाकट्या जावेच्या तोंडाचं ऑपरेशन झालं!"

"अगं बाई! गाठबिठ निघाली की काय?"

"छे हो! हिरड्या सरकल्या होत्या. सुळ्यांची मुळं उघडी पडलेली. गार पाणी लागलं की कळ थेट डोक्यात."

"एवढ्यासाठी ऑपरेशन? तुरटीच्या गुळण्या करायच्या, लवंगेचं तेल लावायचं."

"मीही तेच म्हटलं तिला. पण डॉक्टर म्हणाले, तेलानं ठणका थांबेल. सरकलेली हिरडी काही आपणहून जागेवर येत नाही."

"मग केलं काय?"

"टाळूच्या आतला पातळ थर काढून सुळ्याच्या हिरडीखाली सरकवला आणि टाके घातले. नुसती जागेवरची भूल. घरी येऊन पहिला फोन मला. शब्द धड फुटत नव्हता, तरी फोन ठेवायला तयार नाही!"

"तिचं तसंच. पण टाळूला हात लावल्याशिवाय होत नाही का गं?"

"होतं ना. हिरडी जाड असेल आणि थोडीच सरकली असेल, तर तीच सैल करून पदर ओढावा तशी दातावर ओढून शिवतात. अमेरिकेतल्या जॉन चाओ नावाच्या डॉक्टरांनी तर बारीक भोकातून हिरडी सैल करायची रीत काढली, २०१२ मध्ये त्यावर लेखही छापला. पिनहोल म्हणतात. सुरीनं कापणं नाही की टाके नाहीत. हिरडी जागेवर राहावी म्हणून आत कोलाजनच्या पट्ट्या सरकवतात."

"मग हिनं तेच का नाही केलं?"

"हिची हिरडी कागदागत पातळ. टाळूचा थर घातला की हिरडी जाडही होते. तो नको असेल तर दान केलेल्या कातडीतल्या पेशी काढून तयार केलेला तुकडा विकत मिळतो. कुणाकुणाला स्वतःचंच रक्त यंत्रात फिरवून त्याचा पडदा करून लावतात."

"परक्याची कातडी? शिव शिव! पण एवढं करून मूळ झाकतं ना पुरतं?"

"दोन दातांमधलं हाड शाबूत असलं तर बहुतेक झाकतं. हाडच झिजलं असेल तर पुरतं नाही झाकत. म्हणून आधी एक्स-रे. पायोरिया असेल तर किटण खरवडून मुळं साफ करतात, खोल असेल तर हिरडी उघडून. हाडात खड्डा पडला असेल तर कधी हाडाची पूडही भरतात."

"हिला कशानं झालं? पायोरिया तर नव्हता."

"कुणाला सांगू नका हं. दात पांढरेशुभ्र दिसायला हवेत म्हणून कडक ब्रशनं आडवे घासायची, दिवसातून तीनदा! डॉक्टरांनी आधी तो ब्रश टाकायला लावला, मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवायला शिकवलं, मगच तारीख दिली. नाहीतर नवी हिरडीही सरकायची."

"आणि आता?"

"टाळू जळजळते म्हणून गार पेज आणि दहीभात. तिखट बंद. टाके निघेपर्यंत तिथं ब्रश लावायचा नाही, औषधाच्या गुळण्या करायच्या."

"खर्च बक्कळ आला असेल."

"आला तर! मुंबई-नागपूरला सरकारी दातांची कॉलेजं आहेत, तिथं बरंच स्वस्त पडतं म्हणे."

"माझाही खालचा पुढचा दात लांब दिसायला लागलाय गं. दाखवू का?"

"दाखवा की. पण आधी मिसरी सोडायला सांगतील हं. तंबाखूनं जखम लवकर भरत नाही."

"मिसरी? मी कधी लावते मिसरी?"

"काकू, डबी ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे असते."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या सूनबाईंनी. काल याच कुंपणापाशी."