व्हिसा सपत्नीक कसा काढावा

मुलगी अमेरिकेत असलेल्या घरात एक दिवस फोन येतो. पहिलं वाक्य गोड बातमीचं असतं, दुसरं व्हिसाचं आणि तिसरं जावयाचं: "बाबा, एजंटबिजंट काही लागत नाही. सगळं ऑनलाइन असतं." प्रस्तुत मार्गदर्शन या तिसऱ्या वाक्यानंतरच्या कालखंडासाठी आहे.

आधी पात्रता तपासावी. ज्या गृहस्थाने आयुष्यभर आयकराचं विवरणपत्र स्वतः भरलं आणि ते चारचौघांत पुनःपुन्हा सांगितलं, तो स्वतः अर्ज करण्यास पात्र. म्हणजे त्याला आता माघार घेता येत नाही. मी या गटातला. आमची सौ. दुसऱ्या गटातली. तिच्या भिशीतल्या चौघींनी एजंटकडे दिलं, चौघी जाऊन आल्या, विषय संपला.

स्वतः करायचं ठरलं असलं तरी एजंटकडे एक फेरी मारावीच. चहा मिळतो. आम्ही गेलो त्या कचेरीत एका भिंतीवर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा होता आणि समोरच्या भिंतीवर केदारनाथ, कारण तेच गृहस्थ चारधामही करतात. फी माणशी साडेतीन हजार. सरकारी फी माणशी १८५ डॉलर, ती वेगळी; ती एजंट असो नसो भरावीच लागते आणि व्हिसा नाकारला तरी परत येत नाही. "काका, तुम्ही काहीच करू नका, सगळं आमच्यावर सोपवा," असं म्हणून त्यांनी सहा पानांची झेरॉक्स हातात ठेवली आणि ती घरून भरून आणायला सांगितली. त्यात वडिलांच्या जन्मतारखेपासून जावयाच्या पत्त्यापर्यंत सगळं होतं. म्हणजे फॉर्म आपणच भरायचा, ते तो फक्त संगणकावर चढवणार. मुलाखतीला त्यांना आत सोडत नाहीत. मग साडेतीन हजार कशाचे, हा प्रश्न मी बाहेर येऊन जिन्यातच विचारला. सौ. म्हणाली, "मनःशांतीचे." त्या वेळी मला हे उत्तर बायकी वाटलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता मुख्य विधी. अर्जाचं नाव डीएस-१६०. यास सुमुहूर्ताची गरज नाही, पण घड्याळाची आहे: वीस मिनिटं काही न करता बसलात तर तो आपण होऊन बंद पडतो. सौ.ला हाक मारून, ती हात पुसत येऊन, "काय आहे आता?" म्हणेपर्यंत सात मिनिटं जातात, हे धरून चालावं. सुरुवातीलाच एक अर्ज क्रमांक मिळतो. तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा. दूधवाल्याच्या खाड्यांजवळ नको, आमच्याकडे त्यातले दोन आकडे दुधाच्या हिशेबात गेले.

क्रमांकापाठोपाठ एक गुप्त प्रश्न येतो: तुमच्या आईच्या आईचं नाव काय? ही अमेरिकेची पहिली परीक्षा आणि यात पुष्कळ मराठी माणसं अडतात. आजीला आम्ही बाय म्हणायचो. आजोबा तिला "अगं" म्हणायचे. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि रेशनकार्डावर तिसरंच. मी चिंचवडच्या मामांना फोन लावला. नव्वदीच्या मामांना इतक्या वर्षांनी कुणी बायचं नाव विचारलं म्हणून गहिवरून आलं, आणि तेवढ्यात वीस मिनिटं झाली.

नावाच्या रकान्यात सौ.चा अर्ज माझ्यापेक्षा तिप्पट वेळ घेतो, याची मानसिक तयारी ठेवावी. फॉर्म विचारतो: याआधी तुम्ही दुसऱ्या कुठल्या नावाने वावरलात का? टोपणनाव, धार्मिक नाव, खोटं नाव? आमच्या लग्नात मी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं होतं. त्या एका मिनिटात तिचं पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तिन्ही नावं बदलली. हे त्या रकान्यात भरताना ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि जुनं नाव मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून सांगू लागली. मी टंकत होतो. चाळीस वर्षांत ते नाव मी कागदावर लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. "बरं होतं ना?" ती म्हणाली. अशा प्रसंगी अर्जदाराने पुढच्या पानाचं बटण दाबावं.

वडिलांची जन्मतारीख १ जून लिहावी. मास्तरांनी शाळेत नाव घालताना ती महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक वडिलांना दिलेली आहे. खरी कुणाला ठाऊक नसल्यास "माहीत नाही" असंही तिथे लिहिता येतं, पण मास्तरांचा मान राखावा.

पुढे एका पानावर विचारतात, तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का? या प्रश्नाला गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि देवकाचा वृक्ष सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. "नाही" लिहावं आणि मनातल्या मनात कुलदेवतेची क्षमा मागावी. मात्र त्याच भागात, कुठल्या सामाजिक किंवा धर्मादाय संस्थेला कधी वर्गणी दिली का, असंही असतं. इथे प्रामाणिक माणसाची पंचाईत होते. गणपतीची वर्गणी, नवरात्राची, ज्येष्ठ नागरिक संघाची, हास्यक्लबची, आणि सोसायटीतल्या त्या मुलांची, जी पावती देतात पण मंडळाचं नाव विचारलं की पळतात. रसायनं किंवा स्फोटकांचं विशेष प्रशिक्षण आहे का, या प्रश्नापाशी मी थबकलो, कारण मी तीस वर्षं खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. सौ. म्हणाली, "तुम्हाला साधा लवंगी फटाका लावता येत नाही." तरी मी "होय" लिहून खाली खुलासा जोडला. अमेरिकी सरकारपासून काही लपवू नये. सौ.पासून लपवता येतच नाही.

त्यानंतर सुरक्षेचे प्रश्न. हे दोघांनी एकत्र, शक्यतो जेवण झाल्यावर करावेत. तुम्ही अमेरिकेत हेरगिरी करणार आहात काय? वेश्याव्यवसाय? अमली पदार्थ? वंशसंहारात भाग घेतला आहे काय? बालसैनिक भरती केलेत काय? सौ. गवार मोडत "नाही, नाही, नाही" म्हणत होती, वंशसंहाराला तिने शेंग हातात धरून वर पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी हो म्हणतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एजंटकडे दिलं असतं तर हे प्रश्न त्यानेच परस्पर "नाही" करून टाकले असते आणि आम्ही निष्पाप आहोत हे आम्हाला कधी कळलंच नसतं. स्वतः अर्ज करण्याचा हा एक फायदा मी आजही आग्रहाने सांगतो.

शेवटच्या पानावर खरी मेख आहे. हा अर्ज भरायला तुम्हाला कुणी मदत केली का? केली असल्यास त्याचं नाव, पत्ता, नातं. भिशीतल्या चौघींच्या अर्जांत इथे "नाही" असणार, याची मला खात्री आहे. मदत करून नामानिराळं राहणं हेच त्या धंद्याचं कौशल्य. सौ.च्या अर्जात मीही "नाही" करणार होतो. तिने माझा हात धरला. "होय करा. तुमचं नाव घाला. चुकलं तर कुणाचं तरी नाव असू दे." तेव्हा मला तो जिना आठवला.

तारीख मिळवण्याबद्दल. एजंटांकडे तारखांचं कपाट असतं, अशी समजूत आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा प्रवासी व्हिसा मागणाऱ्याला ९९९ दिवसांची प्रतीक्षा दाखवत होते. बाळंतपणाला निघालेली आजी थेट बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला पोहोचली असती. तेव्हा हे कपाट फार तेजीत होतं. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकी दूतावासाने भारतातल्या, यंत्रांकरवी पटकावलेल्या, सुमारे २,००० तारखा एका फटक्यात रद्द केल्या. आपण रात्री साडेअकराला चष्मा लावून बसावं. फार वेळा आत-बाहेर केल्यास खातं काही काळ गोठतं, त्या वेळात झोपावं.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्याविना. फोटोवाल्याला नुसतं "अमेरिकेचा" म्हटलं तरी कळतं. चष्म्याविना सौ.ला कॅमेरा दिसत नाही, त्यामुळे ती फोटोत फोटोवाल्याच्या पंख्याकडे करुणेने पाहते आहे. चालला.

पुण्याच्या अर्जदाराने मुंबईत किमान एका मुक्कामाची सोय पाहावी, कारण बोटांचे ठसे आधी वेगळ्या केंद्रात द्यायचे आणि मुलाखत नंतरच्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात. दादरच्या मावसबहिणीकडे उतरावं. ती रात्री जेवताना, तिच्या नणंदेचा व्हिसा कसा नाकारला ते सांगेल. ऐकून घ्यावं. मोबाइल आत नेता येत नाही, तोही तिच्याकडेच ठेवावा.

फाइलीबद्दल मतभेद आहेत. एजंटच्या यादीनुसार मी सगळं नेलं होतं: पेन्शनची कागदपत्रं, मुदतठेवींच्या पावत्या, फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या साडेसात गुंठ्यांचा सातबारा. अमेरिकेचा १९५२ चा कायदा आहे, त्याचं कलम २१४(ब) असं मानतं की येणारा प्रत्येक पाहुणा मुक्कामालाच आलेला आहे; तसं नाही हे पाहुण्याने पटवायचं. म्हणून हा सातबारा. खिडकीपलीकडच्या तरुण अधिकारीणबाईंनी फाइलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सातबारा काचेला लावून धरला, तेव्हा त्यांनी तो खाली करायला सांगितला. मग सौ.ला विचारलं, परत कधी येणार? सौ. मराठीत म्हणाली, "ऑक्टोबरात. दिवाळीचा फराळ कोण करणार?" मुंबईत मराठीतून मुलाखत देता येते, हे मी मार्गदर्शनात मुद्दाम घालतो. बाईंनी ऐकलं, काहीतरी टंकलं आणि दोन्ही पासपोर्ट ठेवून घेतले. ठेवून घेतले म्हणजे मिळाला. रांगेत दीड तास उभे होतो. खिडकीपाशी दोन मिनिटंही नाही.

यानंतर आपली कीर्ती पसरते. सोसायटीतली माणसं संध्याकाळी पासपोर्ट घेऊन येतात, सोबत वाटीभर शिरा. मी सात जणांचे अर्ज भरले. सातही आज्यांची नावं मला पाठ आहेत. प्रत्येक अर्जात शेवटच्या पानावर "होय" करून माझं नाव, पत्ता आणि नात्याच्या जागी "शेजारी" असं घालत गेलो. सहा जण गेले, फोटो पाठवले. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना २१४(ब) चा कागद मिळाला.

तेव्हापासून लिफ्टमध्ये ते मजल्यांच्या आकड्यांकडे पाहत राहतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत आकडे फार नसतात. त्यांच्या बायकोने शिऱ्याची वाटी परत मागवून घेतली, ती मी धुऊन दिली. आम्ही दोघांनी अर्ज पुन्हा एकदा नजरेखालून घातला असता तर मी दाखवून दिलं असतं की तो बिनचूक होता, असं मी सौ.ला समजावत होतो.

ती म्हणाली, "साडेतीन हजार घ्यायचे होते. मग त्यांनी जिन्यात येऊन भांडण केलं असतं, आणि मिटलं असतं."