भांडणाची अर्धेली

आमच्या मामांनी नवं व्हिजिटिंग कार्ड छापलंय. जुन्यावर ‘शेती, प्लॉटिंग व उचल’ असं होतं. नव्यावर फक्त ‘लिटिगेशन फायनान्स’ आणि खाली एक तराजू. तराजूचं एक पारडं जरा खाली झुकलंय. छपाईची चूक नाही, मी विचारून घेतलं.

धंदा सोपा आहे. तालुक्याच्या कोर्टासमोरच्या टपरीवर मामा सकाळी दहाला बसतात. बाजू खरी पण खिसा रिकामा, असं गिऱ्हाईक टपरीवाला चालीवरून ओळखतो आणि मामांच्या बाकड्याकडे पाठवतो. मग कोर्ट फी, वकिलाची फी, मोजणीचे पैसे, तारखेला यायचं-जायचं एसटीचं भाडं, सगळं मामांचं. दावा जिंकला की निम्मं मामांचं. हरला तर मामांची रक्कम बुडाली.

“आणि समोरच्याचा खर्च द्यायला लागला तर?”

“तो मी कशाला देऊ? मी पक्षकार आहे का?” मामा म्हणाले. “अरे, बी माझं, रान त्याचं, पीक निम्मं-निम्मं. आपल्या घराण्यात हेच चालत आलंय. मी फक्त रानाऐवजी भांडण अर्धेलीनं लावतो.”

मामांना लॅटिन येत नाही, तरी नेम बरोबर बसला. इंग्रजी कायद्यात या व्यवहाराला ‘चॅम्पर्टी’ म्हणतात आणि तो शब्द ‘शेताचा वाटा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांतून आलाय. राजाच्या कारभाऱ्यांनी लोकांचे दावे चालवून त्यात हिस्सा मारू नये, म्हणून इंग्लंडात १२७५ साली कायदा झाला. म्हणजे कायदा करावा लागण्याइतके कारभारी ते करत होते. १९६७ साली तिथं हा गुन्हाच रद्द झाला. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, १८७६ साली, प्रिव्ही कौन्सिलनं सांगून टाकलं होतं की इंग्रजांचा हा नियम हिंदुस्थानाला लागू नाही. वाटा ठरवून दाव्याला पैसे पुरवणं एवढ्यानंच करार बेकायदा होत नाही. मात्र तो पिळवणुकीचा नसावा. या निकालाचा पूर्वार्ध मामांनी फ्रेम करून लावलाय. उत्तरार्धाला फ्रेम पुरली नाही म्हणे.

आमच्या गावातले वकीलसाहेब यावर जळतात. त्यांना मात्र वाटा घेता येत नाही. निकालावर फी ठरवायची नाही, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. १९५४ सालच्या एका प्रकरणात वसुलीतला निम्मा हिस्सा ठरवणाऱ्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयानं गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं आणि सोबत हेही म्हटलं की हाच करार वकील नसलेल्यानं केला असता, तर हरकत नव्हती. कायदा शिकल्याची एवढी शिक्षा दुसऱ्या कुठल्या देशात असेल, असं वकीलसाहेबांना वाटत नाही. मामा नववी नापास. ते निर्धोक आहेत.

तर असा सुरळीत धंदा चालू असताना मामांच्या कानावर ‘नियमन’ हा शब्द आला. तेव्हापासून त्यांना जेवण जात नाही.

“दाव्यामागं पैसा कुणाचा, हे कोर्टाला आधीच सांगा म्हणतात,” मामा कळवळले. “अरे, दानधर्म गुप्तच असावा!”

“दानात निम्मं परत घेत नाहीत, मामा.”

“म्हणून तर जास्त गुप्त असावं.”

मी म्हटलं, महाराष्ट्रात अर्धामुर्धा नियम आहेच की. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाची दुरुस्ती आहे. दाव्याला पैसे मिळावेत म्हणून वादीनं दाव्यातल्या मालमत्तेत कुणाला वाटा लिहून दिला असेल, तर कोर्ट त्या सावकाराकडून प्रतिवादीच्या खर्चासाठी जामीन मागू शकतं. त्याची संमती असेल, तर त्याला वादी म्हणून उभंही करू शकतं.

मामा पहिल्यांदा हसले. “मालमत्तेत वाटा लिहितो कोण? मी ‘सल्ला फी’ लिहितो.”

परदेशातही मामाच आहेत. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं भरपाईत टक्केवारी लावणारे असे करार एका जुन्या अटीत अडकवले, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी टक्का खोडला आणि लावलेल्या पैशाच्या ‘पटीत’ लिहायला घेतलं. त्याच ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या सदोष संगणकामुळं चोर ठरलेल्या ५५५ जणांनी कंपनीच्या पैशावर दावा लढवला. २०१९ मध्ये तडजोड झाली पाच कोटी साडेसत्याहत्तर लाख पौंडांची. त्यातले सुमारे चार कोटी साठ लाख वकिलांत आणि पैसे पुरवणाऱ्यांत गेले. मामांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला आणि स्वतःच्या निम्म्याकडं ते एकदम दयाबुद्धीनं बघू लागले. पण खरं सांगायचं तर त्या पैशाशिवाय ती माणसं कोर्टाच्या दारापर्यंतही पोचली नसती. मामांचं गिऱ्हाईकही पोचलं नसतं. मामांवर बंदी घाला म्हणणारे बहुतेक वेळा प्रतिवादी असतात, हे मला टपरीवाल्यानं दाखवून दिलं.

त्या टपाल खात्याच्या कथेतली एक गोष्ट मामांना झोपू देईना. समोरची बाजू, ती सरकारी मालकीची कंपनी, कुणाच्या पैशावर लढली? आणि आपल्याकडे कोर्टातला सगळ्यांत मोठा पक्षकार कोण?

“सरकार,” मी म्हणालो.

“त्याच्या वकिलांची फी?”

“आपल्या करातून.”

“म्हणजे मी तीस वर्षं फायनान्सर आहे! भूसंपादनाच्या प्रत्येक अपिलाला, पेन्शनरांच्या प्रत्येक केसला पैसा माझा. वाटा नाही, हिशेब नाही, अपील करू का म्हणून कधी विचारत नाहीत. आणि सरकार हरलं की समोरच्याचा खर्चही मीच देतो! असला करार मी माझ्या वैऱ्याकडूनसुद्धा सही करून घेतला नसता.”

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग पिशवीतून त्यांनी कोरा स्टॅम्प पेपर काढला. आता कमीत कमी पाचशेचाच लागतो, त्याबद्दल दोन शब्द बोलले. नियमन व्हायलाच पाहिजे, असं त्यांचं मत झालं होतं. सरकारकडं थकलेला वाटा मागायचा दावा दाखल करायचा. सगळा खर्च मामांचा, निम्मं मामांचं.

“वादी म्हणून तुझं नाव घालू,” मामा पेनचं टोपण काढत म्हणाले. “मी मागंच बरा.”