श्येनविनोद आणि झोन दाखला

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये तयार होणाऱ्या विकास योजनेत शहराच्या प्रत्येक तुकड्याचा वापर ठरवून दिलेला असतो, आणि अमुक गट क्रमांक रहिवासात पडतो की शेतीत, हे सांगणाऱ्या कागदाला झोन दाखला म्हणतात. नांदेड-वाघाळा असो वा लातूर, महापालिकेकडून मिळणारा हा दाखला जमिनीचा असतो; जमिनीवर फारसे न टेकणाऱ्या जिवांचा विचार त्याच्या मसुदाकारांनी केलेला दिसत नाही. त्यामुळे एखाद्या नागरिकाने आपल्या गच्चीवर शिकारी ससाणा पाळण्याची परवानगी मागितली, तर त्या अर्जाचे काय होईल याची कल्पना करायला प्रतिभा लागत नाही. आवक-जावक खिडकीसमोर एकदा उभे राहिलेल्या कोणालाही ती करता येते.

अर्जदाराच्या बाजूने इतिहास भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती; तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाला, म्हणजे ससाण्याकरवी पाखरे धरण्याच्या खेळाला, स्वतंत्र प्रकरण आहे. 1708 मध्ये नांदेड मुक्कामी ज्यांनी देह ठेवला त्या गुरू गोविंदसिंगांना शीख परंपरा ‘बाजांवाले’, म्हणजे शिकारी पक्षी बाळगणारे, म्हणून ओळखते, आणि पंजाबने तर बाजाला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. परदेशांचा दाखला हवा असल्यास युनेस्कोने 2010 मध्ये ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. त्या नोंदीतील देशांच्या पुढे वाढत गेलेल्या यादीत पाकिस्तान आहे, भारत नाही. संयुक्त अरब अमिरातीत तर ससाण्याला स्वतःचे पारपत्र मिळते आणि तो विमानात मालकाशेजारी बसून प्रवास करतो. एवढे सारे खरे असले तरी नगररचना विभागाच्या विहित नमुन्यात परंपरेसाठी रकाना नसतो, म्हणून ही सर्व माहिती ‘इतर’ या सदराखाली जोडपत्र म्हणून लावावी लागेल.

त्यानंतर संचिकेचा प्रवास सुरू होईल. पक्षी बसण्याच्या लाकडी दांडीला, जिला या छंदात अड्डा म्हणतात, बांधकाम समजायचे की फर्निचर, यावर अभियंत्याची टिपणी येईल. बांधकाम ठरल्यास सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, मोजली जाईल. रोज कच्चे मांस लागणार म्हटल्यावर आरोग्य विभाग शेजाऱ्यांची संमती मागेल, आणि ती शंभर रुपयांच्या स्टँपवर असावी की पाचशेच्या, यावर पत्रव्यवहार होईल. नांदेडच्या अर्जदारापुढे आणखी एक पेच आहे. विमानतळाच्या आसपास उंच बांधकामाला ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बहिरी ससाणा तर आभाळात चढून तेथून ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने खाली झेपावतो. तेव्हा उंची बसलेल्या पक्ष्याची धरायची की उडत्या, हा मुद्दा वरिष्ठांच्या मार्गदर्शनासाठी पाठवणेच शहाणपणाचे ठरेल.

पक्ष्यांसाठी झोन आखण्याचा प्रशासनाला अगदीच अनुभव नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. 2025 च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे बर्ड फ्लूने मेले, तेव्हा भोवतालचा दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला होता. रोगाच्या दृष्टीने ते योग्यच होते. फक्त हद्द आखताना जिवंत कावळ्यांच्या हरकती व सूचना मागवायच्या राहून गेल्या.

या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न सर्वात शेवटी विचारला जाईल, आणि तो पहिल्याच दिवशी विचारला असता तर संचिका उघडावीच लागली नसती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिक्रा, बहिरी ससाणा हे शिकारी पक्षी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत येतात. त्यांना नुसते पकडणे हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येने शिकारच ठरते, आणि तिला तीन ते सात वर्षांची कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. महापालिकेने झोनच्या नकाशात पिवळा, हिरवा कोणताही रंग दिला तरी त्याने हे उत्तर बदलत नाही. 2003 च्या दुरुस्तीनंतर खाजगी ताब्यासाठी एक फट तेवढी उरली आहे, ती वारशाची: मालकीचे प्रमाणपत्र असलेल्याकडून असा प्राणी वारसाहक्काने येऊ शकतो. मराठवाड्यात वारस फेरफाराला किती काळ लागतो हे सातबाऱ्याच्या कोणत्याही धन्याला ठाऊक असते, आणि ससाण्याचे आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षांचे. नोंद मंजूर होईपर्यंत वारस टिकेल, वस्तू टिकण्याची खात्री नाही.

परदेशी पक्ष्याची गोष्ट निराळी आहे. 2022 च्या दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जाती घातल्या, आणि अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले. म्हणजे अमेरिकेतला हॅरिस हॉक आयातीचे सगळे कागद जुळवून औशाच्या गच्चीवर आणता आला, तर त्याच्यासाठी नोंदणीची वाट तरी आहे. औशाच्याच लिंबावर जन्मलेल्या शिक्र्यासाठी तीही नाही, आणि नसावी हेच बरे. छंदाच्या हौसेने हा पक्षी रानातून उचलला जाऊ नये, एवढ्यापुरता हा कायदा आपल्या सर्व कलमांसह शहाणा आहे.

अर्जदाराला खटकते ते वेगळेच. बिनशेती परवानगी न घेता पाडलेल्या गुंठा-दोन गुंठ्यांच्या भूखंडांसाठी 2001 मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला, आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत सरकवली. आधी बांधा, मग शुल्क भरा, हा शिरस्ता घराला लागू असताना पक्ष्याला का नाही, असे त्याला वाटते. त्याला उत्तर देण्याच्या भरीस कोणी पडत नाही. व्यवहारी अर्जदार अखेर ससाण्याचा नाद सोडतो, त्याच गच्चीवर विनापरवाना पत्र्याच्या दोन खोल्या चढवतो, त्या भाड्याने देतो, आणि शासन पुढची तारीख कोणती जाहीर करते याकडे लक्ष ठेवून असतो.