आप्पा जे आहेत, ते आपल्यात नाहीत

परवा पाथर्डी तालुक्यात एका दशक्रियेला एका पुढाऱ्यानं श्रद्धांजलीसाठी माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "आप्पा जे आहेत, ते आज आपल्यात नाहीत."

मंडप गप्प. आप्पांच्या कारभारणीनं पदराआडून वर पाहिलं. आहेत म्हणतोय की नाहीत म्हणतोय? पिंडाच्या दिशेनं निघालेला कावळा मध्येच भिंतीवर बसला, तो भाषण संपेपर्यंत हलला नाही. लोक कुजबुजले, आप्पांची काहीतरी इच्छा राहिली असणार. इच्छाबिच्छा काही नाही. आप्पा आहेत की गेले याचा निकाल लागल्याशिवाय पिंडाला शिवू नये, एवढं तारतम्य त्या कावळ्याला होतं.

पुढे पुढाऱ्यानं धीर सोडला नाही. आप्पांचे चिरंजीव जे आहेत ते, परिवार जो आहे तो, दुःखाचा डोंगर जो आहे तो, तो कोसळला. आप्पांची जागा जी आहे ती कुणी भरून काढू शकत नाही. (आप्पांची जागा म्हणजे सोसायटीतलं संचालकपद, आणि ती भरून काढायला पहिल्या रांगेत तिघे पांढऱ्या कपड्यांत बसले होते, पण ते असो.) सरतेशेवटी "आप्पांच्या आत्म्याला शांती जी आहे ती लाभो" म्हणून त्यांनी माइक पुढच्या वक्त्याकडे दिला. पुढचे वक्ते जे होते ते... बघा, हा रोग असा लागतो.

टीव्हीच्या बातमीदारांना तो आधीच लागलेला आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते सांगतात, "पाऊस जो आहे तो जोरदार पडतोय आणि पाणी जे आहे ते घराघरात शिरतंय." पाणी दिसतंय, बातमीदार भिजतोय, कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब आहेत. तरी पाऊस आहे याची नोंद घेतल्याशिवाय तो पाडता येत नाही.

आता याच पाथर्डीत, स्टँडपासून थोड्या अंतरावर, गाळ्याच्या वरच्या मजल्यावर स्पोकन इंग्लिशचा क्लास चालतो. असा क्लास कुठल्या तालुक्याच्या गावी नसतो? तिथं एक पोरगं उभं राहून म्हणालं, "माय फादर, ही इज अ फार्मर." सर खवळले. "फादर म्हटलं ना एकदा? मग पुन्हा ही कशाला? बाप किती आहेत तुला?" पोराच्या वहीवर लाल रेघ. संध्याकाळी फी भरायला पोराचा बाप आला आणि सरांना म्हणाला, "आमचं पोरगं, ते काय म्हणतंय इंग्रजी?" सर म्हणाले, "तुमचा मुलगा, तो हुशार आहे, फक्त नामानंतर सर्वनाम लावतो."

गंमत अशी, की त्या पोरानं जे केलं ते खुद्द इंग्रजही घरीदारी करतो. लिहिताना नाही, बोलताना. माय ब्रदर, ही... माय मदर, शी... त्यांच्या जुन्या लोकगीतांतला राजा असा दुहेरीच येतो, आधी नाव आणि मागोमाग 'ही'. फ्रेंच माणूस तर बोलताना बापाचं नाव काढलं की सर्वनाम जोडल्याशिवाय सहसा पुढं जात नाही. त्यात चूक काही नाही. बोलणारा आधी माणूस ऐकणाऱ्यासमोर उभा करतो, श्वास घेतो आणि मग त्याच्याबद्दल सांगायला लागतो. आमच्याकडची म्हातारी हेच करते. "थोरला, तो पुण्याला असतो. धाकटा, त्याचं काही खरं नाही." यात थोरला डोळ्यांपुढं येतो आणि धाकट्याची काळजी वाटते. या बोलण्याला कुणी हात लावू नये. क्लासच्या सरांनी तर मुळीच लावू नये.

भाषाशास्त्रात या प्रकाराला 'लेफ्ट डिसलोकेशन' म्हणतात. शब्द वाक्यातल्या आपल्या खोबणीतून निखळतो आणि डावीकडं जाऊन पडतो. करंजी घाटातल्या खड्ड्यांतून वर्षानुवर्षं मोटारसायकलवर आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याचा डावा खांदा त्याला व्याकरण शिकवतो.

पण इंग्रज एका सर्वनामावर भागवतो. आमच्या पुढाऱ्याचं एकावर भागत नाही. त्याला नामाच्या मागं एक 'जो' लागतो, एक 'आहे' लागतो आणि वर एक 'तो' लागतो. पुढारी एकटा कधी कुठं जातो का? मागं दोन गाड्या असतातच. शिवाय मराठीत लिंगं तीन, त्यामुळं दर नामागणिक परीक्षा. निधी जो आहे तो, योजना जी आहे ती, टेंडर जे आहे ते. वाक्य लांबलं की 'योजना जी आहे ते' होतं, आणि टेंडर कुणाचं हे विसरलं जात नसलं तरी टेंडरचं लिंग विसरलं जातं. व्यासपीठावर वरिष्ठ बसले असतील तर आदरार्थी बहुवचन. "साहेब जे आहेत, त्यांचे वडील जे होते, ते त्यांचे जे गुरू होते, त्यांचे..." इथपर्यंत आल्यावर कोण कुणाचं कोण हे साहेबांनाही कळत नाही, पण ते मान हलवतात.

जो आणि तो ही जोडी वाईट आहे असं कुणी समजू नये. जो करील तो भरील, यात दोघंही घाम गाळतात. नेवासं याच जिल्ह्यातलं. तिथं शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. तिच्या शेवटी पसायदान आहे आणि त्यात जो, जे, तो, ते सगळी मंडळी हजर आहेत. प्रत्येकाच्या हाताला काम आहे. भाषणातले जो आणि तो म्हणजे रोजगार हमीच्या हजेरीपत्रकावरची बोगस नावं. पत्रकावर आहेत, मजुरी उचलतात, पण पाटी कुणी उचलत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण महिनाभर या तिघांचा पाठलाग केल्यावर माझ्या ध्यानात आलं, की यातला खरा कारभारी मधला आहे. तो 'आहे'. जो आणि तो नुसते त्याला दोन्ही बाजूंनी धरून चालवतात. बघा, हे तिघं कशाच्या मागं येतात? "कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग जो आहे, तो लवकरच..." लवकरच काय, ते पाथर्डीकराला मी सांगायला नको. माळशेज चढून नगर, करंजी, तिसगाव, पाथर्डी करत पुढं मराठवाड्यात जाणारा हा रस्ता. त्याचा नंबर आधी 222 होता, आता 61 आहे. मधले 161 कुठं गेले असं इथं कुणी विचारत नाही, कारण खड्ड्यात गेलेली वस्तू मागायची नसते. जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्याचा नंबर बदलला, आणि वर्षानुवर्षं काम रखडलेलं असताना प्रत्येक भाषणात रस्ता मात्र 'आहे'. बाई हंडा घेऊन विचारते, "टँकर आला का?" तीन शब्द. उत्तर मिळतं, "टँकर जो आहे, तो मंजूर जो आहे, तो झालेला आहे." तीन वेळा 'आहे', आणि हंडा रिकामा. जायकवाडीचं पाणी शेजारच्या शेवगाव तालुक्यापर्यंत पसरलेलं दिसतं. इथं पाणी जे आहे ते वाक्यात आहे. दवाखान्यात जा. "डॉक्टर जे आहेत ते मीटिंगला गेलेत." म्हणजे नाहीत.

जे खरोखर आहे, त्याला हा दाखला लागत नाही. भाकरी जी आहे ती वाढ, असं कुणी म्हणत नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा असते, रंगपंचमीच्या सुमारास तिथं गाढवांचा बाजार भरतो, परराज्यातून व्यापारी येतात. तिथं जाऊन बघा. व्यापारी "गाढव जे आहे ते" म्हणत नाही. गाढव समोर उभं असतं. तो भाव सांगतो, गिऱ्हाईक दात बघतं, व्यवहार होतो. गाढवाच्या वाट्याला जी सरळ मराठी येते, ती मतदाराच्या वाट्याला येत नाही.

आणि आता थट्टा पुरे. याच तालुक्यात एक नाम असं आहे, की त्याच्या मागं कुणी काही लावत नाही. कोयता. दसरा-दिवाळी झाली की इथली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. दोघांनी मिळून उचल घ्यायची, दोघांनी पहाटे फडात उतरायचं, एक आजारी पडला तरी खाडा धरला जाणार, आणि हिशेबात दोघांचा मिळून शब्द एकच. तिला 'ती' नाही, त्याला 'तो' नाही. रस्त्याला तीन-तीन शब्दांची उधळपट्टी करणाऱ्या या भाषेला जिवंत बाईसाठी एक सर्वनाम परवडत नाही! कोप्यांत राहणारी, उसाचं वाढं गोळा करणारी त्यांची पोरं तिकडं फडात असतात, आणि इकडं कागद काढला की साहेब सांगतात, "विद्यार्थी जे आहेत ते शाळेत आहेत." आहेत! ज्या वयात पोरानं नाम आणि सर्वनाम शिकायचं, त्या वयात ते मोळीवर बसलंय, आणि वहीत त्याच्या नावापुढं 'हजर' आहे. 'माय फादर, ही' म्हणणाऱ्या पोराला लाल रेघ मिळाली, साहेबांच्या या वाक्याला शाल आणि श्रीफळ मिळतं. मला राग व्याकरणाचा नाही. शब्द जास्त झाले म्हणून कुणाचं पोट दुखू नये. पण जिथं काही नाही तिथं हातचा 'आहे' घालून बेरीज जुळवायची आणि जिथं दोन जिवंत माणसं आहेत तिथं एक हत्यार लिहून मोकळं व्हायचं, याला भाषेतला घोळ म्हणत नाहीत, हिशेबातली अफरातफर म्हणतात.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. भाषणाला गेलात आणि "जो आहे तो" ऐकू आलं, की मागच्या रांगेतून एवढंच विचारा, "कुठं हाय?" पाणी जे आहे ते. कुठं हाय? निधी जो आहे तो. कुठं हाय? जरा मोठ्यानं विचारा. माइक त्यांच्याकडं असतो.